चौघं जण, चार दिवस मुंबई: साधं खायला कुठे बसायचं?

प्रश्न असा होता: डिसेंबरात मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी असे नांदेडहून चार दिवस मुंबई बघायला येतोय. मुक्काम सीएसएमटीजवळ. भारीतली हॉटेलं नकोत. मोबाइलवर 'हे खाल्लंच पाहिजे' छाप याद्या वाचून डोकं भणभणलंय. साधी, बरी जागा ओळखायची कशी? आणि आम्हा दोघांना एखाद्या संध्याकाळी बीअर घ्यावीशी वाटली तर कुठे बसावं?

उत्तर:

19 वर्षं झाली, मी डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला येते. डबा करायचा कंटाळा आला की बाहेर खाते, आणि तो कंटाळा मला बऱ्यापैकी येतो. शिवाय दर सुट्टीत धुळ्या-जळगावकडचे पाहुणे असतातच. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या घरी वर्षातून दोनदा तरी विचारला जातो.

त्या याद्या खोट्या नसतात. त्यांत ठिकाण असतं, वेळ नसते, एवढीच त्यांची अडचण. मुंबईतलं साधं हॉटेल घड्याळावर चालतं. सकाळी सात वाजता जी जागा स्वर्ग असते, तीच दुपारी दोनला वैताग असते. माझी मावशी एका शनिवारी भर दुपारी हट्टाने इराण्याकडे गेली. सकाळचा पाव संपलेला, रांग दारापर्यंत, वेटर कातावलेला. 'काय तुमची ती इराणी हॉटेलं,' हे ती अजून ऐकवते. म्हणून मी तुम्हाला नावांपेक्षा वेळा जास्त सांगणार आहे.

देवगिरी एक्स्प्रेसने येत असाल तर गाडी सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला लागते. लॉजवर बॅगा टाका, तोंड धुवा आणि खोली ताब्यात मिळायची वाट न बघता महापालिका मार्गाने धोबी तलावाकडे चालायला लागा. दहा-पंधरा मिनिटांत मेट्रो सिनेमा येतो, त्याच्यासमोर कयानी. 1904 सालचं इराणी हॉटेल आहे. लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काचेच्या कपाटात खारी आणि नानकटाई. पूर्वी कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदारांना अशुभ वाटायची, म्हणून ती इराण्यांना मिळाली असं इथे सगळे सांगतात. खरंखोटं काहीही असो, जुनं इराणी हॉटेल कोपऱ्यावर दिसतं खरं.

बसल्या बसल्या चार चहा, दोन बन मस्का आणि एक ब्रून मस्का सांगा. बन मऊ, किंचित गोड. ब्रून म्हणजे वरून टणक कवच आणि आत पोकळ-मऊ. सासूबाईंचे दात कुरकुरत असतील तर ब्रून चहात बुडवून धरायचा, मनात तीन आकडे मोजायचे आणि झटकन तोंडात टाकायचा. चौथ्या आकड्याला तो कपात पडतो. मस्का वितळून चहावर पिवळे गोल तरंगायला लागतात. ते बघून नाक मुरडू नका, तीच तर मजा आहे. मुलीला रासबेरी सोडा घेऊन द्या, दिवसभर लाल जीभ दाखवत फिरेल. सासूबाई अंडं खात नसतील तर मावा केकच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही, त्यात अंडं असतं. शेजारच्या टेबलावर खिमा-पाव असणार, तेवढं त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीच चाललं तर स्टेशनच्या समोरच 'आराम' आहे. थालीपीठ, कोथिंबीर वडी, पियुष, सगळं आपलं. पण पहिली सकाळ इराण्याकडे गेली तर बरं.

आता दुपार. फोर्टात एक ते दोन या तासात साध्या हॉटेलात शिरू नका. तो आमचा तास आहे. टेबल मिळालंच तर समोर दोन अनोळखी माणसं येऊन बसतील (इथे त्याला कुणी उद्धटपणा समजत नाही, तुम्हीही समजू नका) आणि वेटर ताटातला शेवटचा घास बघत उभा राहील. बाराला जेवा, नाहीतर सव्वादोननंतर. सव्वादोनला एखादी भाजी संपलेली असेल, पण पंख्याखाली पाय पसरून बसता येईल.

नाव माहीत नसलेलं हॉटेल कसं ओळखायचं? बाहेरची पाटी बघू नका. आत एकटी जेवणारी माणसं किती आहेत ते मोजा. एकटा माणूस, शर्टाच्या खिशात पेन, मोबाइलमध्ये डोकं, आणि त्याने काही न सांगता वेटर त्याच्यापुढे ताट ठेवतोय, असे तीन-चार जण दिसले की डोळे मिटून आत जा. रोज येणाऱ्याला फसवून हॉटेल चालत नाही. मग आजूबाजूच्या ताटांत काय आहे ते बघा. पाच टेबलांवर एकच पदार्थ असेल तर तोच मागवा, मेनूकार्ड उघडायचीही गरज नाही.

मेनूकार्ड अठरा पानी असेल तर जास्तच सावध. उडप्याकडे पंजाबी, चायनीज, पिझ्झा सगळं छापलेलं असतं. ते ग्रुपमधल्या त्या एका हट्टी माणसासाठी असतं. तुम्ही इडली, डोसा, उत्तप्पा, राइस प्लेट एवढ्यातच राहा. अपवाद पावभाजीचा. मुंबईतला उडपी पावभाजी चांगली करतो, का ते मला विचारू नका.

उडप्यावरून आठवलं, एक सकाळ माटुंग्याला द्या. सीएसएमटीहून मध्य रेल्वेची धिमी लोकल, कल्याण-ठाण्याकडे जाणारी, साडेनऊनंतर. त्या वेळी गर्दी उलट दिशेला असते, म्हणजे तुम्ही निवांत. माटुंगा पूर्वेला राम आश्रय, किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास. फिल्टर कॉफी आणि रसम वडा घ्या, पोट भरू नका. कारण खरं काम पुढे आहे: स्टेशनजवळ मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 सालचं. गल्ल्यावर कूपन घ्यायचं, बाकावर नंबराची वाट बघायची, मग केळीच्या पानावर जेवण. रसम वाटीत आलं की आधी तसंच प्या, भातावर नंतर. कांदा-लसणाचं सोवळं असलेल्या माणसालाही इथे बिनघोर नेता येतं, माझ्या सासूबाईंनी तर स्वयंपाकघरात डोकावून खात्री करून घेतली होती. मी मात्र एकदा ऑफिसातल्या दोघींना सोमवारी घेऊन गेले आणि तोंडावर पडले. सोमवारी रामा नायक बंद, कॅफे मद्रासही बंद. तसंच रविवारी फोर्टात शुकशुकाट असतो. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, 1923 सालचं, बेरी पुलाववालं, हे फक्त दुपारी उघडं असतं आणि रविवारी बंद. तेव्हा रविवार दादर किंवा गिरगावला द्या.

दादरला आस्वाद आहे, शिवसेना भवनासमोर. यांच्या मिसळीला 2015 साली लंडनमध्ये बक्षीस मिळालं, तेव्हापासून बाहेर नाव लिहून घेणारा माणूस उभा असतो. मला विचाराल तर तिथलं थालीपीठ जास्त आवडतं. नांदेडच्या जिभेला मिसळ गोडसरच लागेल. गोखले रोडवर प्रकाश, तिथला साबुदाणा वडा. तुमच्या तारखांना मार्गशीर्ष असेल आणि सासूबाई गुरुवार करत असतील तर तो दिवस दादरलाच काढा, उपासाचं भरपूर मिळतं.

याच मार्गशीर्षाचा तुम्हा दोघांना उलटा फायदा आहे, मासे खात असाल तर. मुंबईत मासळीचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. त्या दिवशी दादरच्या सिंधुदुर्ग-चैतन्यसारख्या मालवणी हॉटेलांत जत्रा असते. मंगळवारी, गुरुवारी आणि त्यातून मार्गशीर्षात आरामात जागा मिळते. पहिल्यांदा खात असाल तर बोंबील फ्राय मागवा. हा ओला बोंबील, सुक्याशी त्याचा चवीचा काही संबंध नाही. बाहेरून रव्याचा कुरकुरीतपणा आणि आत जवळजवळ साय. चमच्याने उचलायला गेलात तर मोडेल, हाताने खा. डिसेंबर बरा महिना आहे. आमचे एक भाऊजी जुलैत आले आणि सुरमईच हवी म्हणून अडून बसले. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. एका नावाजलेल्या ठिकाणी बर्फातली सुरमई खाल्ली, कापूस चघळल्यासारखी, आणि बिल मात्र ताज्या मासळीचं. शाकाहारी थाळी अशा हॉटेलांत बहुधा मिळते, पण सासूबाईंना वास चालणार आहे का ते बघा.

वडापावला वेगळी यादी लागत नाही. 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं मानतात आणि आता तो दर शंभर पावलांवर आहे. एकच बघायचं: वडे काचेच्या पेटीत रचून ठेवलेत की कढईतून निघतायत. पेटीत असतील तर पुढे चला, किंवा 'पुढचा घाणा कधी?' विचारून थांबा. चार ते सहा हा वड्याचा तास. प्रभादेवीला कीर्ती कॉलेजच्या बाजूला गेलात तर वड्याबरोबर चुरा मागा, म्हणजे कढईत सुटलेले बेसनाचे कुरकुरीत कण. मुलगी वडा सोडून तोच खाईल.

बीअरचं आता. बाहेर 'परमिट रूम' अशी पाटी दिसेल, ती 1949 च्या दारूबंदी कायद्यातून आली. कागदोपत्री आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. बहुतेक परमिट रूम अंधारे, पुरुषांनी भरलेले. तिथे कुणी त्रास देतं असं नाही, पण सगळ्या माना एकदा वळतात, आणि सुट्टीत ते कशाला? तुम्ही दोघं कुलाब्यात जा. लिओपोल्ड 1871 चं, त्याच रस्त्यावर पुढे माँडेगार, जिथे भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. दोन्हीकडे लख्ख उजेड, बायका-मुलं, पर्यटक. गल्लीतल्या बारपेक्षा पैसे जास्त लागतात, हे जागेचं भाडं समजायचं. मी आणि नवरा माँडेगारला पाचच्या सुमारास जातो, शनिवारी कधीच नाही. सात वाजले की आवाज इतका चढतो की एकमेकांशी बोलायला मेसेज करावा लागेल. चखण्याचे चार पदार्थ मागवू नका. एक मसाला पापड, एक बाटली दोघांत, आणि जेवायला बाहेर. 'पाइंट' म्हटलं की 330 मिलीची लहान बाटली येते, विलायती पाइंट नव्हे. निवडणूक लागली असेल तर ड्राय डे आधी बघून ठेवा. सासूबाई आणि मुलगी तेवढ्यात गेटवेला फेरी मारून येतील. नाहीतर दुसऱ्या दिवशी मुलीला चर्चगेटच्या के. रुस्तमकडे दोन वेफरमधली आइस्क्रीमची वडी देऊन भरपाई करा.

बिल आलं की खालच्या दोन ओळी वाचा. पाच टक्के जीएसटी द्यावाच लागतो. 'सर्व्हिस चार्ज' मात्र आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली तशा सूचना काढल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. तरी एका ठिकाणी माझ्या बिलात तो होता. 'काढून द्या' एवढंच म्हटलं, मॅनेजरने मान वर न करता काढून दिला. साध्या उडपी-इराण्याकडे हा प्रकार नसतो. तिथे वेटर सुरुवातीलाच 'साधा पाणी की बिस्लेरी?' विचारेल. आम्ही साधं पितो, तुम्ही चार दिवसांसाठी आलात तर बिस्लेरी घ्या.

एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं मात्र ठरवू नका. कुलाब्यात फिरताना कुणी तरी सांगितलं म्हणून जेवायला वांद्र्याला जाणं म्हणजे दीड तास भूक मारणं. ज्या स्टेशनला आहात तिथेच खा. माटुंगा कधी बसवायचं ते सासूबाईंच्या गुरुवारावरून ठरवा. तुमच्या तारखा लिहिल्यात तर कोणत्या दिवशी काय बंद असेल ते सांगते.