पहिल्या नाताळाला एवढंच करा

ताई, गोव्यातल्या पहिल्या नाताळाला काय काय करायचं विचारताय ना, तर पहिल्याच वर्षी बेबिंका (थराथरांचा गोड केक), दोदोल (हलव्यासारखी मिठाई) सगळं करायला जाऊ नका, दोदोल नारळाच्या रसात गूळ घालून ढवळत बसावं लागतं, हात भरून येतात आणि २४ तारखेच्या मिडनाइट मासला (चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला) डोळे मिटायला लागतात. कुलकुलं (शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे) आणि नेवऱ्या (करंज्या) पुरे, मुलांना फोर्कवर कुलकुलं वळायला बसवा.

खरं महत्त्व शेजारी पाठवायच्या फराळाच्या ताटांना. नवीन लोक आधी ओळखीच्यांकडे पोचवतात, तसं नको. यंदा ज्या घरात कोणी वारलंय तिथे गोड करत नाहीत, तिथलं ताट पहिलं. मग ज्यांची मुलं गल्फला किंवा लंडनला आहेत ते म्हातारे, आणि दारातून ताट देऊन पळू नका हो, बसा जरा, त्यांना बोलू द्या. हिंदू शेजाऱ्यांना केकमध्ये अंडं, रम आहे का ते आधीच सांगा.

दारातला कागदी स्टार आणि येशूजन्माचा गोठा सजवायचं मुलांवर सोडा.