उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या, विभागात नोकरी चालून आली आहे, पण नफ्यासाठी चालणारी संस्था समाजाचे खरोखर भले करू शकते का, या शंकेने पाऊल अडते आहे, असे तू लिहिले आहेस. करू शकते, असे माझे मत आहे. मात्र ते भले कुठे शोधायचे, याबाबत माझे कंपन्यांच्या वार्षिक अहवालांशी जुळत नाही.

आधी कायदा नीट समजून घे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यातून शाळेच्या खोल्या उभ्या राहतात, दवाखाने चालतात; ते मी कमी लेखत नाही. परंतु नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून केलेला किंवा केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. नियम म्हणून हे योग्यच आहे. पण त्यामुळे कंत्राटी कामगाराला पुरेसा पगार देणे, कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे, लहान पुरवठादाराचे पैसे वेळेवर चुकते करणे, यांतले काहीच सीएसआरच्या हिशेबात दिसत नाही, आणि समाजाचे सर्वांत जास्त भले किंवा बुरे तर तिथेच होत असते.

हे मी ऐकीव सांगत नाही. ज्या कंपनीच्या लेखा विभागात मी बरीच वर्षे काढली, तिथे भोसरीचे एक लेथवाले जॉबवर्कच्या बिलासाठी येत असत. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो; त्यांचे बिल चार महिने पडून होते. दिवाळी तोंडावर आली होती. ऑइलने काळवंडलेली नखे, मांडीवर माल पोचवल्याच्या चलानांची पिशवी, आणि डोक्यावरच्या भिंतीवर आमच्या कंपनीने बांधलेल्या शाळेच्या उद्घाटनाचा मोठा फोटो, असे ते दुपारभर बसून राहिले. ‘साहेब, पोरांचा बोनस द्यायचा आहे, तेवढे बिल सोडा,’ एवढेच ते म्हणाले. महिनाअखेरीची शिल्लक चांगली दिसावी म्हणून बिले रोखून धरण्याचा वरून आदेश होता आणि तो मी पाळला. त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचा आनंद खरा होता, पण त्याची किंमत काही अंशी त्या माणसाच्या सहा कामगारांनी मोजली होती.

याच्या उलटही घडते. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 मध्ये आठ तासांचा दिवस सुरू झाला. देशभरच्या कारखान्यांना आठवड्याला 48 तासांची मर्यादा कायद्याने लागू व्हायला त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लागला. हा दानधर्म नव्हता, कारखाना चालवण्याची ती रीत होती, आणि म्हणूनच ती मला कोणत्याही देणगीपेक्षा मोठी वाटते. अर्थात एखाद्या उद्योगसमूहाला एकदाच चांगला किंवा वाईट ठरवून मोकळे होता येत नाही. त्याच टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळाली, मावळातल्या माणसांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढे 1941 मध्ये त्याच घराण्याच्या विश्वस्त निधीतून परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. तिथे बरा होऊन घरी गेलेला रुग्ण मला ठाऊक आहे, आणि तरीही त्या रुग्णालयाने मुळशीचे देणे फिटले, असे मी म्हणणार नाही. देणे ज्याचे असते, ते त्यालाच फेडावे लागते.

तेव्हा ही नोकरी तू जरूर घे. दोन टक्के नीट खर्च करायलाही जाणकार आणि प्रामाणिक माणूस लागतोच. मात्र होकार कळवण्यापूर्वी एकदा कंपनीच्या फाटकाशी जा. तिथला सुरक्षारक्षक बहुधा कंत्राटी असेल. त्याचा पीएफ नियमित भरला जातो का, बारा तास उभे राहिल्यावर जादा चार तासांचे पैसे हातात पडतात का, हे त्याला आपुलकीने विचार. मग परचेस विभागाबाहेर बिलासाठी थांबलेल्या एखाद्या पुरवठादाराशेजारी थोडा वेळ बस. दोघे काय म्हणाले, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
काका