स्थिर संकेतस्थळ की सिंगल पेज ॲप्लिकेशन?

आपल्याला केवळ लेख आणि माहिती द्यायची असेल, तर रिॲक्टच्या (सिंगल पेज ॲप्लिकेशन बांधायला वापरतात त्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) वाटेला न जाता ह्यूगो किंवा जेकिल या स्थिर संकेतस्थळ बनवणाऱ्या साधनाने एचटीएमएल पाने आधीच तयार करून ती गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंगल पेज ॲप्लिकेशनमध्ये, म्हणजे एकच पान उतरवून त्यातला मजकूर जावास्क्रिप्टने बदलत राहणाऱ्या संकेतस्थळात, एरवी आधी जवळजवळ रिकामे पान येते आणि जावास्क्रिप्ट उतरून चालल्यावरच मजकूर दिसतो. साध्या फोनवर हा विलंब चांगलाच जाणवतो. शिवाय आतल्या पत्त्यावर पान रिफ्रेश केले, की सर्व्हरवर तशी फाइल नसल्याने ४०४ (‘पान सापडले नाही’ हा संदेश) येतो, आणि तो टाळण्यासाठी सगळे पत्ते इंडेक्स फाइलकडे, म्हणजे त्या एकाच मुख्य पानाकडे, वळवावे लागतात (नवशिके बहुधा इथेच अडतात). जीमेलसारखे, लॉगिननंतर तासन्‌तास उघडे राहणारे काम असेल, तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. नुसती शोधपेटी तर थोड्या जावास्क्रिप्टने स्थिर पानावरही बसवता येते.