सबप्रोसेस डॉट रनला स्ट्रिंग नको, लिस्ट दे

तू लिहिलंयस की म्हार्दोळच्या जत्रेतल्या नाटकांची रेकॉर्डिंगं एफएफएमपेगने (व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम) लहान करायला पायथनची स्क्रिप्ट केलीस, त्यात सबप्रोसेस डॉट रन (दुसरा प्रोग्राम चालवणारं फंक्शन) वापरलंस, 'नाटक१.एमपी४' नीट होते, पण 'म्हार्दोळ नाटक अंक १.एमपी४' दिली की 'म्हार्दोळ' नावाची फाईलच नाही असा एरर येतो.

फाईल चांगली आहे रे, एफएफएमपेगचाही दोष नाही. लिनक्सवर प्रोग्रामच्या हातात सलग ओळ कधी पडतच नाही, त्याला मिळते आर्ग्युमेंट्सची, म्हणजे सुट्या शब्दांची यादी, आणि ओळीचे तुकडे करून ती यादी बनवायचं काम शेलचं, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचं. तू एफ-स्ट्रिंगमध्ये (व्हेरिएबल आत भरलेली स्ट्रिंग) सगळं जोडलंस आणि शेल=ट्रू (ओळ शेलकडून चालवायची) ठेवलंस, मग शेलने स्पेस दिसली तिथे तोडलं, '-आय'च्या (यापुढे इनपुट फाईल येते) वाट्याला नुसतं 'म्हार्दोळ' आलं, बाकीचे शब्द सुटे पडले.

म्हणून स्ट्रिंग बनवूच नकोस. लिस्ट कर: पहिला प्रोग्राम, मग '-आय', मग फाईलचं नाव, मग '-व्हीएफ' (व्हिडिओ फिल्टर), मग 'स्केल=१२८०:-२' (रुंदी आणि उंची), शेवटी आउटपुटचं नाव, प्रत्येक गोष्ट वेगळा घटक, आणि शेल=ट्रू काढून टाक. (-२ मुद्दाम, उंची सम आकड्यात राहते, -१ ने विषम आली तर एच२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचा एन्कोडर बहुतेक वेळा अडतो.) '-आय' आणि नाव एकाच घटकात कोंबलंस तर एफएफएमपेगला तो भलताच ऑप्शन वाटतो. आणि कोट अजिबात नकोत! कोट शेलसाठी असतात, तो ते वाचून काढून टाकतो, पण लिस्टमध्ये शेल मधे नसतोच, मग कोट नावाचाच भाग होतात आणि तशी फाईल कुठेच नसते. लिस्ट दिलीस पण शेल=ट्रू तसंच राहिलं तर लिनक्सवर फक्त पहिला घटक कमांड म्हणून चालतो, एफएफएमपेग आपली वापराची माहिती छापून गप्प.

स्ट्रिंगमध्येच नीट कोट लावून भागवतो असं म्हणू नकोस. लोक व्हॉट्सॲपवरून पाठवतात त्या फायलींच्या नावात ॲपॉस्ट्रॉफी असेल, अर्धविराम असेल, आणि अर्धविरामानंतरचं शेल दुसरी कमांड म्हणून चालवतो, हे खरंच धोक्याचं आहे.

बॅशमध्ये (लिनक्सवरचा एक शेल) स्क्रिप्ट लिहिशील तर तिला दिलेली नावं "$1" (पहिलं), "$@" (सगळी) अशी डबल कोटातच, नुसतं $@ किंवा $* लिहिलंस की परत तेच तुकडे. नाव मायनसने सुरू होत असेल तर पुढे ./ लाव, दोन मायनसवालं -- सगळेच प्रोग्राम मानत नाहीत. विंडोजवर मात्र प्रोग्रामला खरंच एकच ओळ जाते, तिथेही लिस्टच दे, पायथन तिची ओळ करून देतो, फक्त बॅच फाईल (विंडोजची कमांडची स्क्रिप्ट) चालवताना जपून.

रनच्या आधी लिस्ट प्रिंट करून बघ, पूर्ण नाव एकाच घटकात दिसायला हवं. तरी अडलं तर ते प्रिंट झालेलं जसंच्या तसं इथे टाक.