वाणाचे मग आणि अब्रुनुकसानीची नोटीस

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी चिनी मातीचे ५१ रंगीत मग घेतले, एक ९० रुपयांना, एकूण ४,५९० रुपये. महिन्याभरात आतून राखाडी रेघा, तपकिरी डाग आणि बारीक भेगा दिसू लागल्या. काठावरची नारिंगी फुलं घासताना निघतात. दुकानदार बिलावरची ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ ही ओळ दाखवतो. रागाच्या भरात मी आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुकानाच्या नावासकट ‘हे मग विषारी आहेत, फेकून द्या’ असं लिहिलं. आता त्याच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस आली आहे. काय करू? (राजेंद्र नगर, इंदूर)

ताई, सगळ्यात आधी ग्रुपवर एवढंच लिहा : ‘मग फेकू नका, घासू नका, वापरू नका, माझ्याकडे परत द्या.’ तुमची बाजू मांडणारा पुरावा हे मगच आहेत. जुना संदेश मात्र पुसू नका. स्क्रीनशॉट समोरच्याकडे आहेच; पुसलात तर मनात काही काळंबेरं होतं असं दिसेल.

आता डागांबद्दल. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. राखाडी रेघा स्टीलच्या चमच्याच्या आहेत. झिलई, म्हणजे मगावरचा काचेसारखा थर, कडक असते, चमचा तिच्यावर पेन्सिलीसारखा उमटतो. खाण्याच्या सोड्याने त्या बऱ्याचशा जातात. तपकिरी डाग चहाच्या टॅनिनचे. या दोन्हींनी मग विषारी ठरत नाही आणि या दोन्हींवर तुमची केसही उभी राहत नाही. भेगांची जाळी वेगळी. आतली माती आणि वरची झिलई गरम-गार होताना सारखी आकसली नाही की ती पडते. चहा त्या भेगांत मुरतो, कितीही घासलं तरी निघत नाही. हा बनावटीतला दोष म्हणून मांडता येईल.

मला खरी काळजी नारिंगी फुलांची वाटते. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत कॅडमियम हा विषारी धातू आणि स्वस्त झिलईत शिसं असू शकतं. नीट भाजलेल्या भांड्यात ते बांधलेलं राहतं. रंग हाताला येत असेल तर ते बांधलेलं नाही अशी शंका घ्यायला जागा आहे, आणि ही फुलं नेमकी ओठ लागतात तिथे आहेत. लिंबाचा चहा, सोलकढी अशा आंबट पदार्थांत शिसं जास्त उतरतं. पण शिसं डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मगात ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) २४ तास ठेवून त्यात काय उतरलं ते मोजतात.

म्हणूनच ‘विषारी’ हा शब्द आज तुम्हाला झेपणारा नाही. भारतीय न्याय संहितेच्या अब्रुनुकसानीच्या कलम ३५६ मध्ये अपवाद आहेत : लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, सद्भावनेने दिलेली सावधगिरीची सूचना. पण सद्भावना म्हणजे पुरेशी काळजी घेऊन बोलणं, आणि तुम्ही तपासणीआधी बोललात. घाबरून मात्र जाऊ नका. हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस परस्पर उचलून नेत नाहीत. दुकानदाराला स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार मांडावी लागेल. नोटिशीला वकिलामार्फत वेळेत उत्तर द्या : हेतू मैत्रिणींना सावध करण्याचा होता, रंग निघतोय हे डोळ्यांनी पाहिलं, तपासणी करून घेत आहोत. ग्रुपवरही तेवढंच लिहा : ‘रंग निघतोय, तपासणी होईपर्यंत वापरू नका.’

बिलावरच्या त्या ओळीला सदोष मालापुरता अर्थ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आधी दुकानदाराला लेखी मागणी पाठवा, नाही ऐकलं तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, आपण ज्याला उपभोक्ता फोरम म्हणतो तिथे, तक्रार करा. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वाण लुटणं म्हणजे व्यापार नव्हे, त्यामुळे तुम्ही ग्राहक आहातच. आणि तुमच्या संमतीने मग वापरणाऱ्या मैत्रिणीसुद्धा कायद्याने ग्राहक आहेत.

याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८ नुसार दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. फी तुम्हाला भरावी लागते. त्यासाठी न वापरलेले मग लागतील. ५१ पैकी ११ खोक्यातच आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यांना हात लावू नका. बुडाशी कुणा कारखान्याचं नाव नाही, याचाही फोटो घ्या. उद्या कुणाला इजा झाल्याचं सिद्ध झालं आणि उत्पादक सापडलाच नाही, तर उत्पादनाची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते.

आणि तुमच्या पत्राच्या शेवटी शेजारच्या सुनेचा उल्लेख आहे : सहावा महिना, रोज त्याच मगातून लिंबाचा चहा. गरोदरपणात आणि लहान मुलांना शिसं सगळ्यात जास्त बाधतं. तिला ग्रुपवर नाही, आज तिच्या घरी जाऊन सांगा, मग घेऊन या, आणि तिच्या डॉक्टरांना रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारायला सांगा.