बिशपांना पत्र धाडण्याआधी

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सलाम.

अमेरिकेतल्या आपल्या युनायटेड मेथडिस्ट संप्रदायाच्या बिशपांना तू तुमच्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, लिहिलेलं चार पानी पत्र काल रात्री दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसता मान डोलावत होतो, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. रेघा कुठं ओढल्या ते सांगतोच. पण तुझा राग मला परका नाही, हे आधी लक्षात घे. तुमच्याकडे सहा वर्षांत तीन पाळक बदलले. आत्ताचे अर्धवेळ, तेही दुसऱ्या मंडळीबरोबर वाटून घेतलेले. अपोर्शनमेंटचा, म्हणजे मंडळीनं वर भरायच्या वाट्याचा, आकडा मात्र दरवर्षी न चुकता येतो. बिशपांच्या हाताखालचे डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडेंट वर्षातून एकदा चार्ज कॉन्फरन्सला, म्हणजे मंडळीच्या वार्षिक सभेला, येतात, फॉर्मांवर सह्या घेतात आणि कॉफी निवायच्या आत पुढच्या मंडळीकडे निघतात. त्यात मंडळीचं ‘चैतन्य’ मोजणारी ती प्रश्नावली! सत्तरी ओलांडलेल्या एकतीस माणसांना विचारायचं, तुमच्या युवक-कार्याचं तीन वर्षांचं उद्दिष्ट काय? मीही कागद टरकावला असता.

तरीही हे पत्र असं पाठवू नकोस.

तिसऱ्या पानापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त रेघा तिथंच आहेत. संप्रदायात फूट कशी पडू दिली याचा जाब तू बिशपांना विचारलायस. अगं, जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे संप्रदायाच्या सर्वोच्च सभेत, बिशपांना मतच नसतं. ते अध्यक्षस्थानी बसतात, हात वर करत नाहीत. २०१९ चं सेंट लुइसचं खास अधिवेशन घे नाहीतर २०२४ चं शार्लटचं, मतं दिली ती निवडून गेलेल्या प्रतिनिधींनी. त्यातले निम्मे पाळक आणि निम्मे तुझ्यामाझ्यासारखे साधे सभासद. समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींच्या पाळकपदाच्या दीक्षेवरची बंदी सेंट लुइसला आवळली गेली आणि शार्लटला उठली, दोन्ही वेळा मतदानानंच. मधल्या काळात, २०२३ अखेरपर्यंत, मालमत्तेसह बाहेर पडायची वाट डिसिप्लिनच्या, म्हणजे आपल्या नियमग्रंथाच्या, कलम २५५३ नं मोकळी ठेवली होती. सभेत मत देणाऱ्या सभासदांपैकी दोन तृतीयांशांचं मत हवं, ठरलेले अपोर्शनमेंट भरायचे, पाळकांच्या पेन्शनचा वाटा चुकता करायचा. त्या वाटेनं अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या गेल्या, म्हणजे जवळपास चारातली एक. तुमच्या शेजारच्या दोन त्यातल्याच.

तुम्ही राहिलात. राहिलेल्यांच्या वाट्याला काय आलं तेही बघ. जनरल कॉन्फरन्सनं २०२५ ते २०२८ चं बजेट सुमारे ४० टक्क्यांनी कापलं, बिशपांची संख्या घटली, काहींच्या गळ्यात दोन-दोन कॉन्फरन्स, म्हणजे मंडळ्यांचे प्रादेशिक विभाग, पडल्या. तुमच्याही बिशपांकडे दोन आहेत. चार पानांचं पत्र त्यांच्या टेबलावर गेलं तर ते पहिलं पानही संपवणार नाहीत, आणि यात त्यांचा दुष्टपणा नाही. एक पान कर. त्यात फक्त त्यांच्याच हातात असलेली गोष्ट माग.

त्यांच्या हातात काय आहे? पाळकांची नेमणूक. आपल्याकडे पाळक मंडळी निवडत नाही, बिशप पाठवतात. एका वेळी एका वर्षासाठी, आणि बहुतेक ठिकाणी जुलैपासून. मेथडिस्टांचं सगळ्यात जुनं दुखणं हेच. १७९२ साली बाल्टिमोरच्या जनरल कॉन्फरन्समध्ये जेम्स ओ’केली नावाचा उपदेशक उठला. बिशप ॲस्बरींनी केलेली नेमणूक ज्याला अन्यायाची वाटेल त्याला दाद मागायचा हक्क द्या, एवढंच त्याचं म्हणणं. बरेच दिवस वाद झाला, ठराव पडला, आणि ओ’केली आपली माणसं घेऊन निघून गेला. पुढं १८३० साली दुसरा गट बाहेर पडला. त्यांनी तर बिशपच काढून टाकले आणि सामान्य सभासदांना मत दिलं. मूळ संप्रदायानं ते जनरल कॉन्फरन्समध्ये १८७२ पर्यंत दिलं नव्हतं. शंभरेक वर्षांनी, १९३९ मध्ये, तेच लोक परत येऊन बिशपांच्या छत्राखाली बसले. का आले याची कारणं पुष्कळ सांगतात. माझ्या मते बिशप नसले तरी कुणीतरी बिशपासारखं वागतंच, हे त्यांनी तोवर पाहिलं असावं.

तेव्हा ‘आमच्यावर पाळक लादू नका’ हे वाक्य काढून टाक, ते सव्वादोनशे वर्षं पालथ्या घड्यावर पाणी आहे. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचार. डिसिप्लिन सांगतं की नेमणुकीआधी पाळकाशी आणि मंडळीच्या पाळक-संबंध समितीशी सल्लामसलत व्हायला हवी. शेवटचा शब्द बिशपांचा, पण सल्लामसलत चुकवता येत नाही. मग या तीन बदल्यांत तुमच्या समितीला किती वेळा आधी बोलावलं आणि किती वेळा नुसता निरोप आला? जुनी इतिवृत्तं काढ, तारखा लिही. तीन ओळींत मावेल. त्या तीन ओळींना उत्तर द्यावं लागतं. ‘तुम्हाला आमची पर्वा नाही’ या वाक्याला कुणीच कधी उत्तर दिलेलं नाही.

आता पैशांचं. अपोर्शनमेंट थांबवा म्हणजे वरचे ताळ्यावर येतील, असं तुमच्या कमिटीत दोघं म्हणाले म्हणून लिहिलंयस. हा पराक्रम मी करून बसलोय. मी आमच्या मंडळीचा खजिनदार असतानाची गोष्ट. आमच्या आवडत्या पाळकांना ऐन वसंतात हलवलं. आम्ही चिडलो आणि दर महिन्याचा चेक लिहायचा बंद केला. नऊ महिने. मी रोज टपाल बघायचो, आता फोन येईल, मग येईल. उत्तरंसुद्धा तोंडपाठ करून ठेवली होती. फोन काही आला नाही. वर्षाखेरीस कॉन्फरन्सची यादी आली, त्यात आमचं नाव ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ मंडळ्यांत! सोबत एक सहानुभूतीचं पत्रही होतं. आमचा निषेध त्यांनी आमची गरिबी म्हणून वाचला, आणि पुढच्या वर्षी पूर्णवेळ पाळकाऐवजी अर्धवेळ दिला. चेकऐवजी एक ओळीची चिठ्ठी पाठवायचं कुणाला सुचलं नव्हतं. खजिनदार मीच होतो, तेव्हा मलाच सुचायला हवं होतं.

शिवाय तो पैसा कुठं जातो हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. बराचसा आपल्याच कॉन्फरन्समध्ये राहतो. उरलेल्यातून बिशपांचे पगार निघतात, हे खरं. पण कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या ११ कॉलेजांना, पाळकांच्या शिक्षणाला आणि झिंबाब्वेतल्या मुटारे इथल्या आफ्रिका युनिव्हर्सिटीलाही त्यातूनच जातं. आम्ही बिशपांवर रागावलो आणि चिमटा काढला त्या पोरांना. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तरी या पैशाबद्दलची तुझी एक तक्रार शंभर टक्के खरी आहे. ती तू चौथ्या पानाच्या तळाशी, कंसात टाकलीयस: ‘पैसा वर जातो, पण वरून कुणी खाली येत नाही.’ ही ओळ कंसातून काढ आणि सगळ्यात वर ठेव. त्यामागची गोष्टही तुला माहीत हवी. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. फॉय नावाच्या एका कप्तानानं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तीही परवडणार नाही. तर तो म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. पेनी गोळा करायला माणसं दारोदार जाऊ लागली आणि आत गेल्यावर दिसू लागलं की इथं कुणी आजारी आहे, तिथं नवराबायकोचं पटत नाही, कुणी दारूकडे वळलंय. वेस्लींच्या लक्षात आलं की कर्जापेक्षा मोठी गोष्ट हाती लागलीय. आपले क्लास, म्हणजे एकमेकांची विचारपूस करणारे सभासदांचे छोटे गट, त्यातून जन्मले. अपोर्शनमेंट या शब्दाचा मला राग येतो तो एवढ्याचसाठी. पेनी तशीच राहिली, दारावरची थाप गेली.

म्हणून सुपरिटेंडेंटांना लेखी विनंती कर, की चार्ज कॉन्फरन्स सोडून वर्षातून एका साध्या रविवारी या. फॉर्म आणू नका. उपासनेला बसा, नंतर जेवायला थांबा. बिशपांना लिहिलेल्या एका पानात हेही घाल आणि खाली कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या घे.

आता जरा तुझ्याच अंगाशी येणारं बोलतो, रागावू नकोस.

मागच्या ईस्टरला तुमच्याकडे आलो होतो. वेदीच्या डाव्या हाताला तो लाकडी फळा आहे ना, सभासद, आजची हजेरी, गेल्या रविवारची हजेरी, अर्पण? आकड्यांच्या पाट्या सरकवायच्या त्यात. हजेरीच्या ओळीत शतकाची पाटी जिथं बसायची तिथलं लाकूड अजून गडद आहे, बाकीचा फळा उन्हानं फिकटलाय. आणि वरच्या ओळीत सभासद ११२. मी शेजारच्या आजींना विचारलं, हे ११२ कोण? त्या म्हणाल्या, ‘ते आपले जुनेच आहेत, बदलायचं राहून गेलं.’ समोर एकतीस डोकी होती. तुझ्या चार पानांत बिशपांचं नाव चौदा वेळा आलंय, मी मोजलं. उरलेल्या एक्याऐंशी माणसांतलं एकही नाव आलेलं नाही.

संप्रदायाचीही गळती सगळ्यांना ठाऊक आहे. १९६८ साली दोन संप्रदाय एकत्र येऊन आपण युनायटेड मेथडिस्ट झालो तेव्हा अमेरिकेत सभासद सुमारे १ कोटी १० लाख होते, फुटीचा मोठा धक्का बसायच्या आधीच ते खूप खाली आले होते. त्या काळात किती बिशप आले आणि निवृत्त झाले. गळती थांबवणं यातल्या कुणालाच जमलं नाही. तेव्हा तुमचे एक्याऐंशी जण बिशप शोधून आणतील ही आशा सोड.

मला भीती वाटते ती वेगळीच. तुमच्या कमिटीची गेल्या वर्षातली सात इतिवृत्तं तू पाठवलीस. सातही बैठकांत कॉन्फरन्सविरुद्धची तक्रार हाच सगळ्यात लांब विषय. सगळे एकजुटीनं बोलतात तेही तिथंच. तक्रारीची ऊब फार लवकर अंगी लागते, आमच्याकडे लागली होती. पूर्णवेळ पाळक मिळाल्यावर आमची पहिली बैठक वीस मिनिटांत संपली. बोलायला काही उरलंच नव्हतं, सगळे एकमेकांकडे बघत बसले.

दुसरा खर्डा बुधवारपर्यंत पाठव, एकच पान. बरोबर सभासदांचं रजिस्टर उघडून त्या एक्याऐंशीतली नावं लिहून काढ. मेलेले, गाव सोडून गेलेले वेगळे कर. उरतील त्यांत पाचसहा जणांना मी जुन्या संडेस्कूलपासून ओळखतो. त्यांचे फोन नंबर मला कळव, त्यांना मी करतो. बाकीचे कमिटीत वाटून घ्या, दोघादोघांनी जा, आणि जाताना वर्गणीचं पाकीट घेऊन जाऊ नका.

तुझा,
काका