‘नुसती नोटीस आहे हो, खरेदी करून टाका’

प्रश्न : वकीलताई नमस्कार, सातारा जिल्ह्यात एनए (बिगरशेती) प्लॉट घ्यायचा म्हणून ५ लाख देऊन साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) रजिस्टर केलं, लोनही मंजूर झालं. आता बँकेच्या वकिलांनी सर्च काढला, म्हणजे रजिस्ट्रारकडचं जुनं रेकॉर्ड तपासलं, तर लिस पेंडन्सची (मालमत्तेवर कोर्टात दावा चालू असल्याची) नोटीस निघाली, मालकाच्या बहिणीने वाटणीचा दावा टाकलाय म्हणे. बँकेने पैसे थांबवले. मालक म्हणतात मनाई हुकूम कुठे आहे, नुसती नोटीस आहे, बाकीचे पैसे नातेवाइकांकडून उभे करा आणि खरेदीखत करून टाका. करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : एवढ्यात नका करू. मालक म्हणतात ते तसं खोटं नाही. मनाई हुकूम कोर्ट देतं, तो मोडला तर अवमान होतो. लिस पेंडन्सची नोटीस दावा करणाराच रजिस्टर करतो, त्याने व्यवहार बंद पडत नाही, उद्या तुम्ही रजिस्ट्रार ऑफिसला गेलात तर दस्त होऊनही जाईल. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्या दाव्याचा जो निकाल लागेल तो तुम्हाला बांधील, म्हणजे प्लॉट बहिणीच्या वाट्याला गेला तर तुमचं खरेदीखत तिच्यापुढे टिकणार नाही, मग पैशासाठी भावामागे फिरा! आणि हे अपिलं संपून हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाची) अंमलबजावणी होईपर्यंत चालतं, वाटणीचे दावे किती वर्षं चालतात ते मी वेगळं सांगायला नको.

देशात बहुतेक ठिकाणी नुसता दावा चालू असला तरी कलम ५२ लागतं, घेणाऱ्याला पत्ताही नसतो. आपल्याकडे महाराष्ट्रात या कलमाच्या १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे नोटीस रजिस्टर करावी लागते, म्हणून तर ती सर्चमध्ये सापडली. बँकेवर चिडू नका, तिने तुमचे बाकीचे पैसे वाचवलेत. (पेपरात वकिलाची १५ दिवसांत हरकत घ्या अशी जाहीर नोटीस येते ती वेगळी, दोन्हींत गल्लत करू नका.)

आता बहिणीचा दावा कितपत पक्का? जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि वडील ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर्ड वाटणी किंवा विक्री झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मालकाकडे जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) मागा, दाव्याची आणि कैफियतीची (दाव्याला त्यांनी दिलेल्या उत्तराची) नक्कल मागा. टाळाटाळ केली तर काय ते समजून घ्या.

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे बहिणीलाच बोलवा. तिचा वाटा ठरवून कोर्टात तडजोड करायची, नोटीस मागे घेतल्याचाही दस्त रजिस्टर करायचा आणि खरेदीखतात या विक्रीला मान्यता देणारी म्हणून तिची सही घ्यायची, मग बँकही पुढे येईल. कोर्टाच्या परवानगीनेही विक्री करता येते, कलम ५२ मध्येच तशी सोय आहे, पण बहिणीचा विरोध असेल तर ते सोपं नाही.

तोवर गप्प बसू नका. साठेखताने मालकी मिळत नाही, आणि त्यात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर तिथून ३ वर्षांतच कोर्टात जाता येतं. ‘खरेदीला आम्ही तयार आहोत, आधी टायटल (मालकी हक्क) मोकळं करा नाहीतर ५ लाख परत द्या’ असं स्पीड पोस्टाने आजच लेखी कळवा, फोनवर बोलून भागणार नाही.